हिस्सा दुसऱ्यानं सांगावा

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस गेले की आमच्या घरामागच्या रस्त्यावरून धानाचे भारे जायला लागतात. पूर्वी बैलांच्या बंड्या जायच्या, आता ट्रॅक्टर जातात, पण मागे राहणारा वास तोच आहे. अर्धवट वाळलेल्या तणसीचा, थोडा गोड, थोडा कुबट. तो आला की मी खुर्ची अंगणात ओढतो. सून आतून सांगते, "बाबा, गार वारं सुटलंय, आत बसा." मी ऐकत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकून घ्यायची मी फी घेतली, आता फुकटात कशाला ऐकू.

आज सकाळी शिंगाडेवाली आली. हिरवे, काट्यांचे, अजून तळ्याचं पाणी गळत असलेले शिंगाडे. मी एक माप घेतलं. तिनं माप ओतलं आणि वर एक मूठ टाकली. म्हणाली, "हे तुमच्या नातवायचे." नातवंडं पुण्याला असतात हे तिला ठाऊक आहे. तरी त्यांचा वाटा तिनं काढला आणि टोपली उचलून चालू लागली. मी ती मूठ वेगळी ठेवली, सोलून खाल्ली आणि मग मला तो हंगाम असा आठवला की दुपारचं जेवण राहून गेलं.

मी सनद घेऊन ब्रह्मपुरीला आलो तेव्हा मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूरला होती आणि सरकारी कागद निम्मे हिंदीत, निम्मे मराठीत येत. माझ्या अंगावर मामाचा काळा कोट होता. मामा धिप्पाड, मी काडी. बाह्या बोटांपर्यंत यायच्या, म्हणून युक्तिवाद करताना हात वर करायची सवय लागली. लोकांना वाटायचं, पोरगा जोशात आहे.

धानकापणीच्या दिवसांतलं कोर्ट ज्यानं पाहिलं नाही त्याला न्यायदानाची खरी मजा कळणार नाही. शिपाई दारात उभा राहून तीनदा पुकारा करायचा आणि उत्तर फक्त छपरातल्या साळुंक्या द्यायच्या. वादी नाही, प्रतिवादी नाही, साक्षीदार तर नाहीच. सगळे विळा घेऊन धानाच्या बांधीत उतरलेले. तारीख वाढवण्याचं कारण लिहायच्या जागी एका मुन्सफांनी सरळ 'धान' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. शेताच्या धुऱ्यावरून वर्षानुवर्षं भांडणारे दोन भाऊबंद या महिनाभरात एकमेकांच्या कापणीला जायचे, कारण मजूर मिळायचे नाहीत, आणि भारे वाहून झाले की पुन्हा निष्ठेनं तारखेला हजर व्हायचे. मला ते दिवस फार आवडत. कमाई शून्य, पण कचेरीच्या आवारात ऊन कोवळं असायचं आणि कुणाच्या तरी घरून नव्या तांदळाच्या लाह्या आलेल्या असायच्या.

त्या आवारात कडुनिंबाखाली रहीमभाई अर्जनवीस उतरत्या झाकणाची पेटी मांडीवर घेऊन बसत. लोकांचे अर्ज लिहून देणं हा त्यांचा धंदा, आणि कायदा त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत असे. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. "वकीलसाब, इधर आव. मामला है. इसमें पैसा नहीं, मगर मजा बहुत है." पेटीसमोर एक म्हातारी ढिवरीण उकिडवी बसली होती. पाय घोट्यापर्यंत पांढुरके, आयुष्य पाण्यात गेलेल्या माणसाचे असतात तसे. ती जांभूळबोडीची भागरताबाई. गावच्या तळ्यातली मासोळी टोपलीत घालून मूल गावच्या बाजारात नेऊन विकायची. तिच्याबरोबर त्याच गावचे डोमाजी पाटील होते, जुने कास्तकार, धान पिकवणारे, खांद्यावर घोंगडं, पायांत वहाणा नाहीत. दोघं एकमेकांच्या विरुद्ध आले असणार, असंच मला वाटलं. ढिवर आणि कास्तकार एका तळ्यावरून एकाच अर्जावर येतात हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं.

भानगड अशी होती. मालगुजारांच्या काळात प्रत्येक गावाच्या रिवाजांचं एक बाड असायचं. गुरं कुठं चरतील, लाकूड कोण आणील, तळ्यातले मासे कोणाचे, सगळं त्यात. मालगुजारी गेल्यावर सरकारनं हे हक्क नव्यानं लिहून घ्यायला घेतले. हेतू चांगलाच होता, हे मी आजही म्हणतो. उन्हाळ्यात जांभूळबोडीला एक कारकून छापील तक्ता घेऊन आला आणि चावडीवर बसून एकेकाला विचारू लागला.

"त्यानं मले इचारलं," भागरताबाई सांगू लागली, "का बाई, तुमचा तळ्यात काय हक्क हाये. मी म्हनलं, आमचं काय इचारता, कास्तकारायचं पानी हाये."

"आणि तुम्ही, पाटील?"

"मी म्हनलं, आमचं काई नाई साहेब. ढिवरायची मासोळी हाये त्याच्यात."

"मग त्यानं ते लिहिलं नाही?"

"तो म्हने, दुसऱ्याचं सांगू नोका, आपलं सांगा." म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू असभ्य मीच बोललो होतो. "आपलं आपुन कोन सांगते, वकीलभाऊ?"

त्या गावाची रीतच तशी होती. आपला वाटा आपल्या तोंडानं मागायचा नाही, तो दुसऱ्यानं सांगायचा. मासोळीचे वाटे पडले की तुमच्या वाट्यावर शेजारी बोट ठेवणार, शेजाऱ्याच्या वाट्यावर तुम्ही. लग्नात मान कोणाचा, पाण्याची पाळी कोणाची, सगळं असंच. गावभर हेच चालत आल्यामुळे त्यांना वाटलं, सरकारही असंच करत असेल. कारकुनानं मात्र ढिवरांच्या पुढे 'हक्क सांगत नाहीत' लिहिलं आणि कास्तकारांच्या पुढेही 'हक्क सांगत नाहीत' लिहिलं. तळ्यावर कोणाचाच हक्क उरला नाही. मग दवंडी पिटली गेली की तळ्यातल्या मासोळीचा लिलाव होणार आहे. बाहेरच्या एका ठेकेदारानं बोली लावायचं ठरवलं होतं, आणि तो उघड सांगत फिरत होता की पौषात तळं फोडून पाणी नाल्यात सोडीन, म्हणजे मासोळी हातानं वेचता येईल.

"मंग ढोरं काय पितीन उनाळ्यात?" डोमाजी म्हणाले.

भागरताबाई त्यांच्यानंतर बोलली, आणि आवाज न चढवता बोलली. "तळं गेलं तं आमी कुठी जावाचं? नदीवर दुसरे ढिवर हायेत. त्यायच्या तोंडातला घास घ्यावाचा का?"

मी वकीलपत्र घेतलं. रहीमभाईंनी अर्ज लिहिला. 'मेहरबान हुजूर' पासून सुरू झालेलं त्यांचं पहिलं वाक्य दुसऱ्या पानावर संपलं.

चार दिवसांनी मी त्यांचीच सायकल घेऊन जांभूळबोडीला गेलो. रस्ता कसला, बांधावरून बांधावर. दोन्ही बाजूंना लवकर येणारा हलका धान कापून पसरलेला, उशिरा येणारा भारी धान अजून उभा, हिरवट-पिवळा. बायका रांगेनं कापत चालल्या होत्या आणि मधूनच कोणीतरी माझ्या कोटावर काहीतरी बोलायची आणि सगळी रांग हसायची. काय बोलली ते कळायचं नाही. मीही हसायचो. चोविसाव्या वर्षी काळा कोट घालून धानातून सायकल चालवण्यात एक आनंद आहे, तो नंतर मोटारीत कधी मिळाला नाही.

तळ्याच्या मातीच्या पाळीवर गेलो तर डोमाजी आणि भागरताबाई दोघंही तिथंच. भारी धानाला शेवटचं पाणी द्यायचं होतं. पाळीच्या पोटात पाणी सोडायचं दार असतं, त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. डोमाजींच्या बांध्यांना भेगा पडलेल्या मला लांबून दिसत होत्या, पण ते तळ्याकडे पाठ करून बिडी ओढत उभे होते. भागरताबाईनं हात कपाळावर धरून धानाकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "धान तहानला हाये. उघडा." दोघा जणांनी तुडूम उघडलं. पाणी खळखळत पाटात गेलं. आता ती जाळ्याची फाटलेली घरं विणत बसली आणि एकदाही मान वर करीना. तळं बोट-बोट उतरत होतं, तिची मासोळी त्यात होती, आणि ही आपली दोरा दातानं तोडते आहे. बऱ्याच वेळानं डोमाजी शेतातून चिखलाचे पाय घेऊन आले, पाळीवरून तळ्यात पाहिलं आणि म्हणाले, "बस झालं. मासोळीले ठेवा. बंद करा."

मी विचारलं, "पाटील, उघडायचं तुम्ही का सांगत नाही? धान तुमचा."

"मी सांगतलं असतं तं बंद कवा करावं हे मले समजलं नसतं," ते म्हणाले. "माहं पोट माहंच आयकते. त्यायले माह्या धानाची तहान बराबर दिसते."

कायद्याच्या परीक्षेत मला मालमत्तेच्या पेपरला चांगले गुण होते. 'माझं' म्हणजे काय यावर मी आठ पानं लिहिली होती. त्या पाळीवर बसून मला वाटलं की ती आठ पानं परत मागून घ्यावीत. पण वकील होतो, आणि नवा होतो, म्हणून लगेच शहाणपणा सुचला. दौऱ्यावरचे एसडीओ साहेब पुढच्या आठवड्यात याच गावी तंबू टाकणार होते आणि आमचा अर्ज तिथंच चालणार होता. त्यांच्यापुढे यांनी पुन्हा एकमेकांचे गोडवे गायले असते तर काम संपलंच. म्हणून मी दोघांना डोमाजींच्या ओसरीवर बसवलं आणि शिकवणी सुरू केली.

"बाई, साहेब विचारतील, तळ्यात तुमचा हक्क काय. तुम्ही म्हणायचं, तळ्यातली मासोळी आमची आहे."

"मासोळी ढिवरायची हाये असं हे सांगतीन नं."

"ते नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. म्हणा, आमची."

तिनं ओठ हलवले. 'आमची' म्हणता म्हणता तिला हसू फुटलं आणि ते पदराआड गेलं. डोमाजींचं त्याहून वाईट. "पानी आमचं," एवढं म्हणून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, घरातलं कोणी ऐकलं तर नाही ना. आतून त्यांची बायको म्हणालीच, "आता म्हातारपनी काऊन अशी अवदसा आठवली?" मी चिडलो. इतका चिडलो की कोट काढून ठेवला. म्हटलं, हा तुमच्या जगण्याचा प्रश्न आहे, इथं लाजता कसले? भागरताबाईनं माझ्यापुढे ताट ठेवलं. नव्या तांदळाचा भात, त्यावर तळ्यातल्या झिंग्यांचा सार. म्हणाली, "जेवा. मंग म्हनतो." मी जेवलो. नंतर तिनं काही म्हटलं नाही आणि मलाही आग्रह करवेना.

अलीकडे लोक मला विचारतात, वकीलसाहेब, त्या काळची माणसं चांगली होती ना? मला या प्रश्नाचा राग येतो. माणसं होती तशीच होती, थोडी भली, थोडी लबाड. जांभूळबोडीतही एकमेकांची कोंबडी चोरणारे होते. फक्त तळ्यापुरती एक रीत त्यांना सापडली होती आणि ती त्यांना उपयोगी पडत होती. ती रीत कशाच्या जिवावर चालत होती आणि तिच्यात काय कमी होतं, हे मला त्या आठवड्यात ठाऊक नव्हतं. जेवण मात्र उत्तम होतं.

साहेबांचा तंबू तळ्याच्या पाळीला लागून आमराईत पडला. नागपूरकडचे गृहस्थ, जाड भिंगांचा चष्मा, सर्दीनं बेजार. टेबलावर हिरवं कापड, शेजारी कारकून, पुढं सारं गाव. कापणी सोडून आलेले, कमरेला विळे तसेच. ठेकेदाराच्या बाजूनं चांद्याचे, म्हणजे आताच्या चंद्रपूरचे, एक नामांकित वकील उभे होते. त्यांचे केस पांढरे झालेले, घड्याळाला साखळी, आणि कोट त्यांच्याच मापाचा.

भागरताबाईनं शपथ घेतली. साहेबांनीच विचारलं, "बाई, या तळ्यात तुमचा काय हक्क आहे?"

मी डोळ्यांनी खुणावलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, डोमाजींकडे पाहिलं. साहेब शिंकले. मग ती म्हणाली, "कास्तकारायचं पानी हाये साहेब."

पांढऱ्या केसांचे वकील शांतपणे उठले. "अर्जदार शपथेवर सांगते आहे की तिचा हक्क नाही. यापुढे काय चालवायचं?"

साहेबांनी डोमाजींना पुढं बोलावून शपथ दिली. "तुमचा काय हक्क?"

"आमचं काई नाई हुजूर. मासोळी ढिवरायची."

मागं कोणीतरी समाधानानं 'बराबर' म्हणालं. मला बुडून मरावंसं वाटत होतं आणि तळं जवळच होतं. साहेब टाक उचलून काहीतरी लिहायला वाकले. ते लिहून झालं असतं तर सगळं संपलं असतं. त्या क्षणाला काय झालं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. बुद्धी नव्हे, परीक्षेची घोकंपट्टी कामाला आली. माणूस स्वतःच्या फायद्याचं बोलला तर कायदा त्याला चाळून घेतो. स्वतःच्या तोट्याचं बोलला तर ती कबुली होते आणि त्याला बांधून ठेवते. हे मी पाठ केलं होतं. कबुली देणारे दोघं समोर उभे होते आणि मी त्यांना ओसरीवर बसवून नेमकं उलटं शिकवलं होतं.

हात वर केले, बाह्या खाली सरकल्या. म्हटलं, "साहेब, पाणी लागतं ते कास्तकारांना. तळ्यावर मासोळीचा हक्क नको असं वाटायचं कारण कोणाला असेल, तर यांना. हेच शपथेवर सांगतात की मासोळी ढिवरांची आहे. आणि तळं उपसलं जाऊ नये असं वाटायचं कारण ढिवरांना. तीच बाई सांगते आहे की पाण्यावर कास्तकारांचा हक्क आहे. दोघांनी आपापल्या विरुद्ध कबुली दिली आहे. याहून भक्कम पुरावा मी कुठून आणू? मला फक्त उलटे प्रश्न विचारू द्या."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि पहिल्यांदाच सर्दी विसरल्यासारखे दिसले. "विचारा," ते म्हणाले.

त्यानंतरचा तास-दीड तास माझ्या सगळ्या वकिलीतला सर्वात सुखाचा. डोमाजींना विचारलं, ढिवरांचं काय काय? आणि जो माणूस स्वतःसाठी चार शब्द बोलू शकत नव्हता तो धबाधबा बोलू लागला. मासोळी त्यांची, झिंगे त्यांचे, शिंगाड्याचा वेल कोणत्या कोपऱ्यात लावायचा ते त्यांनी ठरवायचं, तळं अमुक दगडाखाली उतरवायचं नाही, आजा-पणजापासून नाही. भागरताबाई कास्तकारांचं सांगायला लागली तेव्हा कारकुनाला दुसरी दौत मागवावी लागली. कोणत्या बांधीला आधी पाणी, कोणत्या नक्षत्रात किती, तिला डोमाजींपेक्षा जास्त ठाऊक. मग गावालाच चेव आला. मागून कोणी ओरडलं, कुंभाराची माती लिवा, तो उनाळ्यात गाळ नेते. कुंभार उठला आणि म्हणाला, परटाचा दगड लिवा. परीट म्हणाला, जंगलातून बाजाराले येनारे गोंड, त्यायच्या बैलायले उतार हाये, तो लिवा. कोणाला तरी बांगड्या विकायला येणाऱ्या मन्याराचं घोडं आठवलं. "घोडे का भी हक है," असं रहीमभाई माझ्या कानाशी पुटपुटले आणि दाढीवरून हात फिरवत राहिले. चांद्याचे वकील खाली बसले होते. घड्याळ काढून पाहिलं, परत ठेवलं, आणि माझ्याकडे वाकून म्हणाले, "अरे, असे पक्षकार मला एकदा तरी पाठव."

मला तेव्हा वाटलं, रामराज्य म्हणतात ते हेच. मी मनात कायद्याला नावं ठेवू लागलो होतो, की हा माणसाला फक्त 'तुझं काय' एवढंच विचारतो, आणि त्या विचारण्यानंच माणूस भांडखोर होतो.

साहेबांनी कागद एकत्र केले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आणखी कोणी राहिलं का?"

गाव एका आवाजात म्हणालं, "नाई."

"राह्यलं," असं कोणीतरी म्हणालं. आवाज बाईचा होता आणि लांबून आला होता. सगळे वळले. आमराईच्या टोकाला, बाकीच्यांपासून बरंच अंतर ठेवून, दहा-बारा बाया-माणसं उभी होती. गावापासून अलग वसलेल्या टोलीतली. त्यांच्या हातचं पाणी गावाला चालत नसे आणि गावाच्या घाटावर त्यांना पाय ठेवता येत नसे. हे पाप आहे असं देशानं ठरवून घटनेत लिहिलं त्यालाही चार-पाच वर्षं झाली होती. मी सकाळपासून तिथं होतो आणि ती माणसं उभी आहेत हे मला दिसलं नव्हतं. बोललेली बाई तिशीची असेल. कमरेला विळा खोचलेला.

"नाव?" साहेब म्हणाले.

"ठमा. टोलीतली."

"तुमचं कोण सांगणार?" आता साहेबांनाही त्या गावाची रीत लागली होती.

"माहं कोनी नाई सांगत साहेब. म्हून मीच सांगतो." ती दोन पावलं पुढं आली. "आमाले बी पानी लागते. माह्या टोलीचं नाव लिवा."

कारकुनाचा टाक थांबला. साहेबांनी विचारलं, "तुमचा घाट कोणता?"

"घाट नाई. पाळीच्या खाली झिरा हाये, त्याच्यातलं पितो. उनाळ्यात त्याच्यात किडे होतेत."

साहेब अडचणीत पडले. मलाही ती अडचण ताबडतोब कळली, आणि कळली याची मला लाज वाटली. तक्ता होता चालत आलेल्या रिवाजांचा. जे पूर्वीपासून आहे तेवढंच लिहायचं. आणि तिच्या बाबतीत पूर्वीपासून होतं ते एवढंच, की पाणी नाही. शिवाय वाद उभा राहिला असता तर सगळा कागद जिल्ह्याला गेला असता, आणि तो परत येईपर्यंत लिलाव होऊन तळं फुटलं असतं. भागरताबाईची मासोळी, डोमाजींचं पाणी, घोड्याचा हक्कसुद्धा, सारं त्या दोन पावलांवर येऊन थांबलं होतं. मी तिच्यासाठी काही बोललो नाही. मी ढिवर-कास्तकारांचा वकील होतो, असं मी स्वतःला सांगितलं.

"बाई, चालत आलेला हक्क असेल तर लिहिता येईल," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून दिसत होतं की त्यांनाही बरं वाटत नव्हतं.

"चालत आलं तेच सांगून राह्यलो," ठमाबाई म्हणाली. "दर उनाळ्यात ह्या पाळीवर माती कोन टाकते, ते इचारा त्यायले. शपथ घातली हाये नं तुमी."

तिचं बोट डोमाजींकडे होतं. डोमाजी खाली पाहत राहिले. साहेबांनी तोच प्रश्न त्यांना केला, "पाटील, पाळीवर माती कोण टाकतं?"

"टोलीतले टाकतेत."

"किती वर्षं?"

"माह्या बापाच्या बापापासून."

"त्याबद्दल त्यांना काय मिळतं?"

डोमाजींनी घोंगडं खांद्यावरून काढलं, हातात घेतलं. मला वाटतं, दुसऱ्याचा हिस्सा सांगणं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच जड गेलं असेल. "काई नाई," ते म्हणाले. आणि मग साहेबांकडे पाहून, "त्यायनं माती टाकली नसती तं तळं राह्यलं नसतं. त्यायचं पानी हाये ह्याच्यात. उगवतीकडचा घाट त्यायले लिवा. मी सांगतो."

"कोणाची हरकत?" साहेबांनी सगळ्या गावाकडे पाहिलं. काही चेहरे आक्रसले होते. दोन माणसं उठून चालू लागली. पण पाटलांनंतर तोंड कोणी उघडलं नाही. भागरताबाई मोठ्यानं म्हणाली, "हरकत नाई, लिवा," आणि कारकुनाकडे पाहत राहिली, तो लिहीपर्यंत.

त्यानं लिहिलं. ठमाबाई तिथंच उभी. "वाचून दावा," ती म्हणाली. त्यानं वाचलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "अजून एकडाव." त्यानं पुन्हा वाचलं. सगळी आमराई थांबली होती, बंड्या थांबल्या होत्या, साहेबांचं जेवण थांबलं होतं. "आता मोठ्यानं वाचा," ती म्हणाली, "आमचे लोक तिकडं उभे हायेत." कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. त्यानं घसा साफ केला आणि टोलीचं नाव, उगवतीचा घाट, सगळं तिसऱ्यांदा, दवंडीच्या आवाजात वाचलं. मग ती निघून गेली.

साहेब जेवायला उठले. सह्या जेवल्यावर, असं कारकून म्हणाला. मी पाळीवर भागरताबाईच्या शेजारी जाऊन बसलो. तिचं तळं तिच्याकडे राहिलं होतं आणि ती डोळे पुसत होती. थोड्या वेळानं पाळीच्या उगवतीकडच्या टोकावर बायका दिसू लागल्या. एक, मग दुसरी, मग रांगच. डोक्यावर पाण्याचे पितळी गुंड, मडकी, जे असेल ते. सर्वांत पुढं ठमाबाई. त्या सरळ उतरून पाण्यात गेल्या, गुडघ्यापर्यंत, आणि तिथं उभ्या राहून एकमेकींशी जोरजोरात बोलू लागल्या, हसू लागल्या. भांडी भरण्याची कोणालाच घाई नव्हती.

"बाई," मी घाबरून उठत म्हणालो, "अजून साहेबांची सही व्हायची आहे."

भागरताबाईनं माझ्याकडे न पाहता माझ्या कोटाची बाही धरली आणि मला खाली बसवलं. "वकीलभाऊ," ती म्हणाली, "तुमी आता चूप राहा."